खोक्याबाहेरचा खर्च: नौपाड्यातल्या घराचे दोन कॅमेरे

ठाण्याला नौपाड्यात आई-बाबा राहतात त्या घरी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही दोन स्मार्ट कॅमेरे बसवले. दोन्ही कॅमेऱ्यांची मिळून किंमत ५,१०० रुपये. ते तीन वर्षं नीट चालू ठेवायचे तर किती पैसे लागतील याचा हिशेब भावाने आणि मी बसून मांडला, तो ४० हजारांच्या घरात गेला. मधले पस्तीस हजार कशाचे, हे कुठल्या खोक्यावर छापलेलं नसतं आणि दुकानदारही आपणहून सांगत नाही. वयस्कर आई-वडील ठाण्यात आणि मुलं खारघर, पुणे, बंगळूर नाहीतर आणखी लांब, अशी घरं आमच्या एका गल्लीतच कितीतरी आहेत. त्यांच्यापैकी कुणी या विचारात असेल तर उपयोगी पडावं म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

आमची इमारत तीन मजली, जुनी, लिफ्ट नाही. घर पहिल्या मजल्यावर. बाबा ऐंशी ओलांडलेले, आई त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. कॅमेऱ्याचा विषय निघाला तो एका माणसामुळे. दुपारी तो दारात आला, गळ्यात ओळखपत्र, हातात पान्हा, ‘गॅसची तपासणी आहे’ म्हणाला. आईने आत घेतलं. अर्ध्या तासाने नवी नळी आणि ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून ८०० रुपये घेऊन तो गेला. आमच्या गॅस एजन्सीने कुणालाच पाठवलं नव्हतं. पैसे गेले त्याचं काही नाही, पण एक अनोळखी माणूस अर्धा तास स्वयंपाकघरात होता, बाबा आत झोपले होते, आणि रात्री फोनवर आईने सांगेपर्यंत आम्हाला दोघांना पत्ताच नव्हता. दुसरी काळजी दाराची. बाबा पहाटे फिरायला जाताना दार नुसतं ओढून घेतात. आमच्या जुन्या चौकटीत पावसाळ्यात लाकूड फुगलं की लॅच बसतोच असं नाही.

दारात कोण आलं आणि दार लागलं का, एवढ्या दोनच गोष्टी आम्हाला कळायला हव्या होत्या. हे आधी भावाशी बोलून पक्कं केलं आणि मगच भाव काढायला लागलो. त्याचा पुढे फार उपयोग झाला, कारण या धंद्यात ज्याला-त्याला आपल्याला चार कॅमेरे विकायचे असतात.

पहिलं कोटेशन स्टेशनजवळच्या एका सीसीटीव्हीवाल्याचं. तो घरी येऊन पाहून गेला आणि लगेच कागदावर लिहून दिलं: दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, नगाला १,४५० प्रमाणे ५,८००, चार चॅनेलचा डीव्हीआर, म्हणजे चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र, ३,२००, एक टीबीची हार्ड डिस्क ४,६००, कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस ५५०, चित्र आणि वीज दोन्ही नेणाऱ्या थ्री प्लस वन केबलचं एक बंडल १,८००, कनेक्टर आणि डबे ५५०, फिटिंग कॅमेऱ्यामागे ५०० म्हणजे २,०००. एकूण १८,५००. बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे २१,८३०. ‘बिल कशाला घेता ताई, वॉरंटीचं मी बघतो ना’ हेही ओघाने आलं.

बिल सोडायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. कॅमेऱ्याची वॉरंटी कंपनी देते, डिस्कची दुसरी कंपनी देते, आणि दोघीही बिलाची तारीख विचारतात. त्या माणसाने दुकान बदललं की आपण कुठे जायचं?

‘महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील’ असं तो म्हणाला, ते मी वहीवर मांडून पाहिलं. एक मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने चोवीस तास रेकॉर्डिंग चाललं तर दिवसाला १०.८ जीबी जागा लागते. साधारण बऱ्या चित्रासाठी कॅमेऱ्याला दोन मेगाबिट धरले तर दिवसाचे २१.६ जीबी, चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. एक टीबीच्या डिस्कमध्ये हे अकरा-साडेअकरा दिवस मावतं. एच.२६५ या कमी जागा घेणाऱ्या पद्धतीने साठवलं आणि चित्राचा दर्जा उतरवला तर दिवस वाढतात, पण मग चेहरा ओळखू येतो का, हे त्याच दर्जात पाहून घ्यायला हवं. कोटेशनमध्ये ‘इतके टीबी’ लिहिण्याऐवजी ‘इतके दिवस, या दर्जात’ असं लिहून मागावं. लिहून द्यायला बहुतेक जण कां-कूं करतात.

वायरवाल्या कॅमेऱ्यांना मी नावं ठेवत नाही. वाय-फाय गेलं तरी त्यांचं रेकॉर्डिंग चालू राहतं, आणि बंगला, दुकान किंवा सोसायटीच्या गेटसाठी मी आजही तेच सुचवीन. आमच्या बाबतीत ते नको ठरलं ते इमारतीमुळे. नौपाड्यात, पाचपाखाडीत, गोखले रोडच्या आतल्या गल्ल्यांत गेल्या काही वर्षांत किती इमारती पुनर्विकासाला गेल्या ते ठाणेकरांना सांगायला नको. आमच्याकडेही बिल्डरशी बोलणी चालू आहेत. दोन-तीन वर्षांत आई-बाबांना भाड्याच्या घरात जावं लागणार, तिथून परत नव्या घरात. भिंतीवर पट्ट्या मारून ओढलेली नव्वद मीटर केबल कोण काढून नेणार? वाय-फायचा कॅमेरा दोन स्क्रू काढले की पिशवीत येतो. वर्षाला किती आणि कुठवर टिकणार, हा हिशेब ज्यांची इमारत पाडायला आली आहे त्यांनी आधी करावा.

मग स्मार्ट कॅमेरे पाहायला लागले. क्युबो, टॅपो, सीपी प्लसचा इझीकॅम अशी नावं ऑनलाइन दिसत होतीच, पण हातात घेऊन पाहायचे म्हणून एका शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. तिथे घरात बसवायचा, डोकं फिरवणारा तीन मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन ते अडीच हजारांत मिळत होता, बाहेर पावसात टिकणारा साधारण तीन ते चार हजारांत. ऑनलाइन भाव त्याच्या आसपासच, सणासुदीच्या सेलमध्ये आणखी दोन-चारशेने खाली. म्हणजे घासाघीस करायला फारशी जागा नाही. दुकानात जाण्याचा फायदा एवढाच, की तुमच्यासमोर कॅमेरा लावून अंधारात चित्र कसं दिसतं ते दाखवतात.

तिथेच बल्बच्या होल्डरमध्ये बसणारे, नाव-गाव नसलेले कॅमेरे ९०० रुपयांना होते. हे मात्र घेऊ नका. हजारभर वाचतात म्हणून आपल्या आई-वडिलांच्या घराचं चित्र कुठल्याशा अ‍ॅपच्या हवाली करायचं हा विचारच मला सहन होत नाही. एक अ‍ॅप दुकानदाराच्या फोनवर उघडून पाहिलं, तर त्याला फोनमधले सगळे नंबर आणि लोकेशन हवं होतं. कॅमेऱ्याला माझ्या नंबरांशी काय करायचंय?

असल्या स्वस्त उपकरणांचा इतिहास वाईट आहे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरातले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट्स बंद पाडल्या. त्यासाठी त्याने फारशी करामतही केली नव्हती. कंपनीने कारखान्यात घातलेले पासवर्ड लोकांनी बदलले नव्हते, तेच एकेक करून वापरून पाहिले. आपल्याकडचं उदाहरण २०२५ मधलं. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतली सीसीटीव्हीची चित्रं बाहेर विकली गेली. त्या बातमीनंतर बाईमाणसाला कॅमेऱ्याची भीती का वाटते हे कुणी मला विचारू नये.

केंद्र सरकारनेही नियम कडक केले आहेत. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक कसोट्या पार करणं बंधनकारक झालं आहे: पासवर्ड, माहिती कूटबद्ध करणं, सॉफ्टवेअरमध्ये कुणी ढवळाढवळ करू शकतो का, वगैरे. दुकानात यालाच ‘एसटीक्यूसी’ म्हणतात. मी ज्या-ज्या दुकानात गेले तिथे हा एक शब्द उच्चारला की समोरचा माणूस जरा सावरून बसत होता. खोक्यावर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे, पैसे देण्याआधी करावं. जुना माल खपवायला बसलेला दुकानदार इथेच ओळखू येतो.

आता सगळ्यात मोठ्या खर्चाकडे येते. आई-बाबांकडे इंटरनेटच नव्हतं. बाबांच्या फोनवरचा रोजचा डेटा त्यांना पुरून उरत होता. स्मार्ट कॅमेरा म्हटलं की नेट आलंच, आणि सगळ्यात साधा फायबर प्लॅन महिन्याला ३९९ अधिक जीएसटी, म्हणजे ४७१ रुपये. वर्षाचे ५,६५० होतात. दोन्ही कॅमेऱ्यांच्या किमतीपेक्षा पहिल्याच वर्षीचं नेट महाग! तीन वर्षांचे धरले तर १६,९५०. ज्यांच्या घरी आधीपासून नेट आहे त्यांना हा खर्च जाणवत नाही, आणि ‘दोन हजारांत कॅमेरा झाला’ म्हणणारे बहुधा तेच असतात.

यातून सुटायला सिमकार्डवर चालणारे फोर-जी कॅमेरे पाहिले. ते साडेतीन-चार हजारांपासून पुढे, वर दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज. एक मेगाबिटच्या वेगाने तासभर थेट चित्र पाहिलं तर ४५० एमबी जातात. दीड जीबीच्या रोजच्या डेटात तीन-सव्वातीन तास. शेतावर, बांधकामावर, गावच्या बंद घराला ते योग्य आहेत. आमच्याकडे आईला नेटवर नातीशी व्हिडिओवर बोलताही येणार होतं, म्हणून फायबरच घेतलं.

हे सगळं ठरल्यावर बाबांना सांगितलं. बाबा ठाण्याच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दारावर काय लावायचं ते लावा. घरात माझ्यावर नजर ठेवायची नाही. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलंय, तो ऐंशी वर्षांनंतर संपतो असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. तुला मला बघायचं असेल तर ठाण्याची गाडी पकडून ये.”

मला ते मनापासून पटलं. आई दुपारी हॉलमध्येच आडवी होते, कधी तिथेच साडी बदलते. जन्मभर जे घर त्यांचं स्वतःचं होतं तिथे त्यांना सावरून बसायला लावायचं, तेही आमच्या काळजीपोटी, हे मला नको होतं. आई मात्र म्हणाली, “अहो, पण मी देवळात गेले आणि गॅसवर दूध राहिलं तर?” शेवटी असं ठरलं, की आतला कॅमेरा दाराकडून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात, फक्त लॅच आणि ओटा दिसेल असा. हॉल नाही, झोपायची खोली नाही. त्याचं बटण बाबांच्या हाताला येईल असं. त्यांना वाटलं तर ते बंद करतील, आणि ‘का बंद केला’ असं आम्ही विचारणार नाही. विकत घेताना मुद्दाम असा कॅमेरा घेतला जो खासगी मोडवर टाकला की डोळा फिरवून आत घेतो. नुसता दिवा विझवणाऱ्यापेक्षा हा बरा, कारण आता तो पाहत नाही हे घरातल्या माणसाला नजरेने कळतं.

कामाला येणाऱ्या मावशींनाही बसवायच्या आधीच सांगितलं आणि फोनवर चित्र कुठपर्यंत येतं ते दाखवलं. त्या वीस वर्षं आमच्याकडे येतात. त्यांच्यामागे कॅमेरा लावून मोकळं होणं मला शक्य नव्हतं.

समोरच्या काकूंचं दार आमच्या दारापासून जेमतेम पाच फुटांवर. त्यांनी विचारलंच, “अगं, आमच्याकडे कोण येतं-जातं ते पण दिसणार का तुला?” रास्त प्रश्न होता. अ‍ॅपमध्ये चित्राचा एखादा भाग झाकून टाकायची सोय असते. काकूंच्या दाराएवढा काळा चौकोन त्यांच्यासमोरच काढला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः दार उघडून, बाहेर येऊन खात्री करून घेतली. सोसायटीच्या सेक्रेटरींना एक साधं पत्रही दिलं, कारण जिन्याची जागा सगळ्यांची आहे.

बसवायच्या दिवशी आमचे नेहमीचे वायरमन आले. कंपनीचा माणूस फुकट बसवून देतो असं काही ठिकाणी सांगतात. ते स्क्रू मारतात, पण पॉइंट आपण तयार ठेवायचा असतो. दाराच्या वर पॉइंटच नव्हता. वायरमनदादांनी छिद्र पाडण्याआधी एक गोष्ट केली ती मला फार आवडली. कॅमेरा पाच व्होल्टचा, यूएसबीवर चालणारा, त्यांनी तो पॉवर बँकेला जोडला, चिकटपट्टीने चौकटीच्या वर लावला आणि म्हणाले, “ताई, आधी अर्धा तास असाच चालू दे. सिग्नल टिकला तर भोक पाडतो.” आमच्या भिंती जुन्या, चांगल्या जाड. हे कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात, जे भिंतीतून पाच गिगाहर्ट्झपेक्षा बरं जातं, तरीही हॉलच्या कोपऱ्यातल्या राऊटरपासून दाराबाहेर चित्र अडखळत होतं. राऊटर सहा फूट सरकवून दाराजवळच्या भिंतीवर घेतला आणि चित्र सुरळीत झालं. नाहीतर दीड-दोन हजारांचं वाय-फाय वाढवायचं यंत्र घ्यावं लागलं असतं.

बाहेर लावण्याऐवजी आतूनच, जाळीच्या दारामागून कॅमेरा लावला तर पावसाचा प्रश्न मिटेल असं बाबांचं म्हणणं होतं. दादांनी दिवे मालवून तेही करून दाखवलं. रात्री कॅमेरा स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्यांवर पाहतो. तो उजेड जवळच्या जाळीवर आपटून परत आला आणि पडद्यावर नुसती पांढरी जाळी दिसली, पलीकडचा जिना काळाकुट्ट. काचेमागे लावला तरी हेच होतं. ज्यांना खिडकीच्या आतून रस्ता पाहायचा आहे त्यांनी रात्रीचं चित्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

त्यामुळे कॅमेरा बाहेरच. आमचा जिना एका बाजूने उघडा आहे, जून-जुलैत तिरका पाऊस थेट दारापर्यंत येतो. कॅमेरा आयपी ६६ दर्जाचा, त्याला धार लागली तरी काही होत नाही. पाणी शिरतं ते वायरीच्या जोडातून. दादांनी अ‍ॅडॉप्टर घरात ठेवला, जोड छोट्या बंद डबीत घातला आणि भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून त्या झोळातून खाली टपकतं, भिंतीत जात नाही. उंची सात फुटांच्या जरा वर, किंचित खाली वाकवून. त्याहून वर नेला असता तर टोपी आणि डोक्याचा माथा दिसला असता, चेहरा नाही. पॉइंट, पट्टी आणि मजुरी मिळून ९०० रुपये घेतले. एवढ्या काळजीने केलेल्या कामाचे ते कमीच होते.

आणखी एक खर्च आम्ही आधी धरला नव्हता, तो दादांनी सुचवला. आमच्या इमारतीचे सगळे मीटर आणि मेन स्विच तळमजल्यावर जिन्याखालच्या लाकडी कपाटात. कुणीही येऊन आमचा स्विच खाली करू शकतो, आणि मग राऊटर, कॅमेरा सगळंच आंधळं. राऊटरचा छोटा यूपीएस येतो, १,४०० रुपयांचा, बारा व्होल्टबरोबर पाच व्होल्टचीही पिन असलेला. त्यावर राऊटर आणि दारावरचा कॅमेरा दोन्ही जोडले. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा हे दोन्ही दोन-अडीच तास निघतात. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी हा खर्च टाळू नये असं मला वाटतं.

मेमरी कार्ड खोक्यात नसतं, हे तर जवळजवळ सगळ्यांनाच घरी गेल्यावर कळतं. साधं कार्ड सतत लिहून-पुसून लवकर झिजतं. कॅमेऱ्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ म्हणून वेगळी कार्डं मिळतात, ती महाग पण टिकाऊ. बाहेरच्या कॅमेऱ्याला १२८ जीबीचं १,५५० रुपयांचं घेतलं. तीन मेगापिक्सेलला दीड मेगाबिटचा वेग धरला तर दिवसाला सोळा जीबी, म्हणजे चोवीस तासांचं सलग रेकॉर्डिंग साधारण सात दिवसांचं राहतं. आतल्याला ६४ जीबीचं ९५० रुपयांचं. तो फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्ड करतो. कार्डं दोन-तीन वर्षांत एकदा बदलायची असं धरून हिशेबात आणखी अडीच हजार टाकले आहेत.

क्लाउडचं, म्हणजे रेकॉर्डिंग नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर साठवण्याचं काय, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कॅमेराच कुणी उपटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जातं, म्हणून दारावरच्या कॅमेऱ्याला क्लाउडचा वर्षाचा प्लॅन घेतला, १,८०० रुपये. आतल्याला घेतला नाही. आईचा ओटा कंपनीच्या सर्व्हरवर जायचं काही कारण नाही. घेण्याआधी पाहायची गोष्ट म्हणजे, कुठल्या सोयी प्लॅनशिवाय चालतात. माणूस आणि मांजर यातला फरक ओळखून सूचना देणं काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यात फुकट असतं, काहींच्यात पैसे भरल्यावर. माणूस ओळखता येत नसेल तर जिन्यात हलणारी सावली, दिव्याभोवतीचे किडे, वरच्या मजल्यावर जाणारा दूधवाला, सगळ्यांच्या सूचना येत राहतात आणि आठवड्याभरात आपण त्या पाहणंच सोडतो. मग कॅमेरा असून नसल्यासारखा. आम्ही सूचनेचा पट्टा फक्त आमच्या पायपुसण्यापुरता आखला आहे.

वीज किती लागते? एक कॅमेरा पाच वॅटचा धरला तर महिन्याला ३.६ युनिट. दोन कॅमेरे आणि दहा वॅटचा राऊटर मिळून साडेचौदा युनिटच्या आत. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला १४५ रुपयांच्या आसपास, तीन वर्षांत पाच हजारांच्या वर. हे बिलात दिसत नाही, मिसळून जातं.

तर सुरुवातीला कॅमेरे ५,१००, कार्डं २,५००, यूपीएस १,४००, पॉइंट आणि मजुरी ९००, असे ९,९०० रुपये गेले. पुढच्या तीन वर्षांत नेटचे १६,९५०, विजेचे सुमारे ५,२००, क्लाउडचे ५,४०० आणि कार्डबदलाचे २,५००. ज्यांच्याकडे नेट आहे आणि क्लाउड नको आहे त्यांचं साडेसतरा हजारांत भागेल. यातला प्रत्येक रुपया कुठे जातोय हे माहीत असलं की तो खर्च डोईजड वाटत नाही. पुण्याहून भाऊ नेटचे पैसे वर्षाचे एकदम भरतो, क्लाउड आणि कार्डं माझ्याकडे. बाबांनी वीजबिल स्वतःकडेच ठेवलं. घर माझं आहे, म्हणाले.

पासवर्ड मी लांबलचक ठेवला आहे, लॉगिनला फोनवर येणारा कोड लागतो, आणि अ‍ॅप फक्त तीन फोनवर आहे: भाऊ, मी आणि समोरच्या काकूंचा मुलगा, जो दोन मिनिटांत दारात पोचू शकतो. हा तिसरा माणूस फार महत्त्वाचा. खारघरहून मी धावत निघाले तरी ठाण्याला पोचायला तास-सव्वातास लागतो. नुसतं पाहून मी करणार काय? कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते, की दिसलं तर जाणार कोण?

श्रावणात तसलाच एक माणूस आला, पाण्याच्या फिल्टरची फुकट तपासणी म्हणून. मी ऑफिसमध्ये होते. सूचना आली, कॅमेऱ्यातूनच विचारलं, “कोणी पाठवलं तुम्हाला? कंपनीचा तक्रार क्रमांक सांगा.” त्याने इकडेतिकडे पाहिलं, ‘चुकीच्या मजल्यावर आलो’ म्हणाला आणि उतरला. आई तोवर आतल्या दाराशी येऊन उभी होती. आता ती स्वतःच जाळीचं दार न उघडता तक्रार क्रमांक विचारते, मी ऑनलाइन असो-नसो. बाबांच्या लॅचचं म्हणाल तर पहाटे मी उठले की एकदा पाहते. लागलेला नसेल तर आईला मिस्ड कॉल. आतला कॅमेरा दुपारी बहुतेक वेळा बंदच असतो, आणि ठरल्याप्रमाणे आम्ही विचारत नाही.

आमचं पाहून इमारतीच्या गेटला आणि जिन्याखालच्या मीटरच्या कपाटासमोर कॅमेरे लावायचं सेक्रेटरींनी मनावर घेतलं आहे. तिथे वायरवाले आणि डीव्हीआरच हवेत, हे मी त्यांना सांगितलं. दोन कोटेशनं आली, दोन्हींत फक्त वस्तूंचे भाव होते. ती परत पाठवून तीन गोष्टी लेखी मागवल्या आहेत: रेकॉर्डिंग किती दिवसांचं आणि कुठल्या दर्जात, पहिल्या वर्षानंतर देखभालीचे वर्षाला किती, आणि डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे राहणार की कमिटीकडे. पुनर्विकासाचा करार झाला तर सगळं काढून द्यायचे किती घेणार, हे बाबांनी त्यात चौथं घातलं. कोटेशनं आली की सभेत ठेवणार आहोत.